अप्पांचा तीसचा बोर्ड

आमचं घर बिदरकडच्या भालकी तालुक्यातल्या एका गावात, रस्त्याला अगदी चिकटून आहे. ओट्यावर बसून पाय सोडले की खाली डांबर. रस्त्यापलीकडे आत्याचं घर. आत्या म्हणजे आमच्या अप्पांची थोरली बहीण. तिला गावातच दिलेली. नवरा गेला, लेकी आपापल्या घरी गेल्या, तेव्हापासून रात्रीचं जेवण ती भावाकडेच करते. दिवेलागणीला स्वतःचं दार ओढून घ्यायचं, रस्ता ओलांडायचा आणि आमच्या चुलीपुढं येऊन आईच्या भाकरीला नावं ठेवायची, हा तिचा नेम. नावं ठेवता ठेवता भाकरी मात्र पोटभर खायची.

रस्ता रुंद झाला आणि या नेमाला दृष्ट लागली. उसाच्या गाड्या, वडाप जीपा, उदगीरकडं जाणाऱ्या कार, सगळ्यांनाच गाव लवकर मागं टाकायचं असायचं. आत्याला एका डोळ्यानं कमी दिसतं. ती कडेला उभी राहायची, पाऊल पुढं टाकायची, परत मागं घ्यायची. एका संध्याकाळी मागं सरताना ती नालीत पडली. हाड मोडलं नाही, पण तिनं येणंच सोडलं. आई ताट झाकून पाठवू लागली. आत्या ते खायची, पण एकटं बसून खाल्लेलं अंगी लागत नाही, असं म्हणायची.

अप्पांनी हे फार मनाला लावून घेतलं. आमचे अप्पा तापट. आवाज असा की शेतातून हाक मारली तर घरात भांडं पडावं. त्यांनी गाव गोळा केलं. मारुतीच्या पारावर उभं राहून म्हणाले, "रस्ता काय गाडीवाल्यांच्या बापाचा न्हाई. माझी अक्का जेवायला येत व्हती, ती यायची थांबली. गाड्या हळू झाल्याच पायजेत." मग भालकीचे हेलपाटे सुरू झाले. तिथं कन्नडमध्ये भांडायचे, कन्नड संपलं की उर्दूत आणि फारच चिडले की आपल्या मराठीत. साहेब लोकांना तिन्हीतलं काहीतरी कळलं असावं. गावाच्या दोन्ही तोंडांना गतिरोधक झाले आणि आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर लाल गोलातला तीसचा बोर्ड उभा राहिला.

त्यानंतर अप्पांनी ओट्यावर जणू नोकरीच धरली. कुणी जोरात आलं की बसल्या जागेवरून ओरडायचे, "ए, तीस!" गावानं त्यांचं नाव तीसअप्पा पाडलं. त्यांनाही ते आवडायचं. आत्या पुन्हा जेवायला येऊ लागली. आता तर ती रस्त्याच्या मध्यभागी थांबून पदर सारखा करायची, आणि मागं जीप निमूट उभी असायची. मी नौबादला राहते, बिदरमध्ये शाळेत शिकवते. स्टाफरूममध्ये मी हा सगळा किस्सा इतक्यांदा सांगितला की एकजण म्हणाली, तुमच्या वडिलांचा पुतळा बसवा आता. मला त्याचाही अभिमान वाटला.

मग हरभरा आला. आमच्याकडं रस्त्यावर पीक टाकणं नवं नाही. काढलेली झाडं डांबरावर पसरायची, जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांनी घाटे फुटतात, बसल्या जागी मळणी होते. पण गाड्या जोरात होत्या तोवर लोक गावाबाहेर, मोकळ्या रस्त्याला जाऊन भीतभीत टाकायचे. आता गावात गाड्या हळू झाल्या होत्या. एकानं दारात पसरलं, दुसऱ्यानं पाहिलं, आणि बघता बघता अर्धा रस्ता खळं झाला. ज्या रस्त्यासाठी आम्ही इतके भांडलो तो मिळाल्यावर आम्हाला काय सुचलं, तर हे. सगळ्यात मोठं खळं तीसअप्पांचं होतं, बोर्डापासून थेट आमच्या ओट्यापर्यंत.

शिवरात्रीच्या सुट्टीला मी गेले तेव्हा मळणी होऊन रास लागलेली होती. स्वच्छ हरभऱ्याचा ढीग, निम्मा रस्त्यावर आणि त्याला राखण म्हणून भोवती धोंडे. मी अप्पांना म्हटलं, हे बरं नाही, कुणी घसरेल. ते म्हणाले, गाड्या हळूच जातात की आता. मळणीच्या मशीनवाल्याकडं आपली पाळी कधी येणार आणि मशीनमध्ये निम्म्याची डाळ होते, हेही ऐकवलं. मी वाद घातला नाही. वारा चांगला होता. चप्पल काढून राशीजवळ गेले आणि सूप घेऊन कडेचं राहिलेलं उपणू लागले.

दुपार कलत आली होती. आत्या पलीकडं तिच्या दारात बसली होती. मोटारसायकलवर एक जोडपं आलं, मध्ये लहान मूल. गतिरोधक ओलांडून तो माणूस इतका सावकाश आला की अप्पांना ओरडायला काही उरलंच नव्हतं. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. त्यानं जागा घेतली, आणि उरलेल्या जागेत आमची रास होती. राशीत चाक घातलं असतं तर तो वाचला असता, दाण्यात रुतून थांबला असता. पण त्यानं रास चुकवून चाक वळवलं. बाहेर सांडलेल्या दाण्यांवर गाडी सटकली आणि तिघं आडवी झाली. बाईचा हात धोंड्यावर आपटला. एक धोंडा राशीत घुसला आणि हरभरा घरंगळत ट्रॅक्टरखाली गेला.

माझे हात पहिल्यांदा कुठं गेले ते मला सांगायला लाज वाटते. ते राशीकडं गेले. मी सुपानं दाणे अडवत होते आणि ते मूल रडत होतं.

अप्पा ओट्यावरून उतरले. मला वाटलं, उचलायला चाललेत. ते त्या माणसापुढं उभे राहिले आणि बोर्डाकडं हात करून म्हणाले, "ते दिसंना का तुला? तीस लिवलंय तिथं. हळू चालवायला काय व्हतंय?"

ट्रॅक्टरवाला खाली उतरला होता, शेजारपाजारचे जमले होते. तो माणूस उठला. त्याचं कोपर सोलून निघालं होतं. त्यानं आधी मूल बायकोजवळ दिलं, मग वाकला, पायात आलेले चार दाणे उचलले आणि डोळ्यांना लावले. पायातल्या चपला त्यानं कधी काढल्या, ते माझ्या लक्षातच आलं नाही.

"चुकलं, अप्पा," तो म्हणाला. "राशीवरनं चाक घालावं वाटलं न्हाई. तुमची रास मोडली."

मी हातातलं सूप खाली ठेवलं. आजवर मला पुष्कळदा लाज वाटली आहे, वर्गात चुकीचं शिकवल्याची, लग्नात साडी फाटल्याची. ती लाज चेहऱ्यावर येते आणि जाते. ही गेली नाही. अप्पांचा वर केलेला हात तसाच बोर्डाकडं राहिला होता. तो खाली कसा घ्यावा, हेच त्यांना कळत नसावं.

आत्या तेवढ्यात रस्ता ओलांडून आली होती. गाड्या दोन्हीकडं थांबलेल्याच होत्या, पण तिला हरभऱ्यातून वाट काढत, धोंड्यांना हात टेकत यावं लागलं. तिनं कुणाकडं पाहिलं नाही. त्या बाईला दंडाला धरून आपल्या घरी नेलं, पाणी पाजलं, मुलाच्या हातावर गूळ ठेवला. बाईचं मनगट डोळ्यांदेखत सुजत होतं. माझा भाऊ त्यांना जीपमधून भालकीला घेऊन गेला. तिथं मनगटाला प्लास्टर घातलं. वाटेत तो माणूस भावाला विचारत होता म्हणे, हरभरा फार सांडला का.

संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी मिळून रस्ता मोकळा केला. शेजाऱ्यांनीही आपापलं उचललं, न सांगता, मान खाली घालून. अप्पांनी धोंडे एकट्यानं उचलून परसात टाकले. डांबर झाडून झालं तशी आत्या जेवायला आली. तिनं भाकरीला नावं ठेवली नाहीत. अप्पांचं ताट तसंच होतं.

"रस्ता कुनाच्या बापाचा न्हाई म्हनलास नव्हं, तम्मा?" ती म्हणाली. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, लहानपणापासून ती त्यांना तशीच हाक मारते. "मग आता जेव."

अप्पांनी कसाबसा एक घास घेतला.

तो माणूस पुढच्याच गावचा निघाला, भालकीत कुठल्याशा दुकानात कामाला आहे. येता-जाता आमच्या दारावरूनच त्याचा रस्ता. बोर्डाशी आला की गाडी हळू करतो, एक हात कपाळाला लावून ओट्याकडं बघत म्हणतो, "नमस्कार, अप्पा." त्याच्या मनात खरंच काही नाही. त्याला वाटतं, त्या दिवशी नुकसान आमचं झालं.

अप्पांनी "ए, तीस!" म्हणणं सोडून दिलं आहे. त्याच्या गाडीचा आवाज ते आता लांबूनच ओळखतात. तो आला की काहीतरी काम आठवल्यासारखे उठतात आणि आत जातात. सुट्टीत गावी गेले की मीही त्यांच्यामागून उठते. ओट्यावर आत्या एकटीच राहते, आणि त्याला हात करते.