शेंदूर फासलेला पाइप

नोकरीतली बरीच प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठली चोरी कुठल्या थान्यात असताना झाली याचा मी घोळ घालतो आणि बायको हसते. राईस मिलमधला तो फुटलेला पाइप मात्र आजही जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे. नावं कोणाचीच सांगणार नाही. ज्यांना शिक्षा व्हायची त्यांना झाली, आणि ज्यांची विनाकारण बदनामी झाली त्यांना पुन्हा चव्हाट्यावर आणण्यात मला रस नाही.

तेव्हा मी रायपूरबाहेरच्या औद्योगिक पट्ट्यातल्या थान्याचा प्रभारी होतो. इकडे पोलीस ठाण्याला थानाच म्हणतात आणि प्रभारीला टी. आय. माझे आजोबा रेल्वेच्या नोकरीपायी वर्ध्याकडून इथे आले. त्यामुळे घरात वऱ्हाडी, कागदावर हिंदी आणि शिपायांशी छत्तीसगढी अशा तीन भाषा मी आयुष्यभर वापरल्या. आमच्या थान्याचं काम म्हणजे ट्रकचे अपघात, भंगाराच्या चोऱ्या, ठेकेदार आणि मजुरांची भांडणं. सकाळी हजेरी घ्यायची, रोजनामचा बघायचा आणि पहिला चहा संपायच्या आत कोणीतरी डोकं फुटलेला माणूस दारात उभा असायचा.

भादव्यातल्या एका सकाळी खबर आली की एका राईस मिलमधल्या बॉयलरचा पाइप फुटला. वाफेच्या झोतात तिथला एक तरुण हमाल सापडला. दोन्ही हात आणि छाती भाजली होती. आम्ही त्याला दवाखान्यात पाठवलं आणि पंचनामा केला. पाइप नुकताच, दलालाकडून बिलाशिवाय घेऊन बसवलेला होता, त्यामुळे विकणाऱ्याचा माग नव्हता, आणि त्यावर आमच्याच पट्ट्यातल्या एका नावाजलेल्या पाइप मिलचं नाव ठसठशीत रंगवलेलं होतं.

दुपारी त्या मिलचे मालक धापा टाकत थान्यात आले. "टी. आय. साहेब, नाव आमचं आहे, माल आमचा नाही. असला पाइप आम्ही कधी बनवलाच नाही," असं ते सांगत होते. पाइपवर नाव टाकायचं साधन अगदी साधं असतं. पत्र्यात अक्षरं कापलेली असतात, तो पत्रा पाइपवर धरून रंगाचा फवारा मारला की नाव उमटतं. त्याला स्टेन्सिल म्हणतात. फुटलेल्या पाइपवरचं नाव आणि मिलच्या जुन्या मालावरचं नाव आम्ही शेजारी ठेवून पाहिलं. एका अक्षराचं शेपूट तुटकं होतं, ते दोन्हीकडे तसंच तुटकं. म्हणजे स्टेन्सिल मिलचाच. आणि स्टेन्सिल ज्यांच्या ताब्यात असे, ते डिस्पॅचचे सुपरवायझर एकटेच. मालकांनी तक्रारीत सरळ त्यांचं नाव घातलं. मिलमधला बाद झालेला माल मागच्या दाराने काढून, त्यावर नाव मारून ते विकतात असा आरोप होता.

सुपरवायझर तात्यापाऱ्यातले. पारा म्हणजे मोहल्ला, आणि हा रायपुरातला जुना मराठी मोहल्ला. सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. पाऱ्यातल्या गणपतीपुढे आरती करताना मी त्यांना अनेकदा पाहिलं होतं. थान्यात आले तेव्हा इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि चेहऱ्याचा रंग पार उडालेला.

"काका, अक्षरं जुळतात. आता तुम्हीच सांगा," मी म्हणालो.

"साहेब, मी काहून करीन असं? सारी जिंदगी त्या नावावर रंग मारून राहिलो. ते नाव मले माझ्या आडनावासारखं वाटते."

"मग जुळतात कशी?"

"तेच तं मले समजून नाही राहिलं." मग त्यांनीच विचारलं, "साहेब, तो भाजलेला पोट्टा कसा आहे?"

आमच्या धंद्यात एक गोष्ट कळते. चौकशीच्या खोलीत अपराधी माणूस स्वतःचं काय होईल ते विचारतो. दुसऱ्याची चौकशी करणारा मी फार कमी वेळा पाहिला. हा काही पुरावा नव्हे, कोर्टात याला कोणी विचारत नाही, पण माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

बाहेर बाकावर काकांची बायको डबा घेऊन बसली होती. शेजारी कॉलेजात जाणारी मुलगी. मी मराठीत विचारपूस केली, तिने हिंदीत विचारलं, "अंकल, पापा को घर कब भेजेंगे?"

"आज संध्याकाळी जातील बेटा," मी म्हणालो. उद्याचं मलाच माहीत नव्हतं. कारण वरून फोन सुरू झाले होते. तक्रार आहे, साधन त्यांच्या ताब्यात होतं, एक माणूस भाजला आहे, मग अटक का दाखवत नाही? माझ्या वरच्या साहेबांचं म्हणणं कागदावर चूक नव्हतं. मी थोडी मुदत मागितली आणि शिव्या खाल्ल्या. इकडे पाऱ्यात काकांना कोणी तोंडावर काही बोललं नाही. फक्त त्या वर्षी आरतीचं तबक दुसऱ्याच्या हातात गेलं. आरती चालू असताना काका मंडपाच्या मागच्या खांबापाशी उभे होते असं मला नंतर कळलं. मला त्याचा फार राग आला होता.

खबर आली ती गोल बाजारातून. तिथला एक हार्डवेअरवाला माझ्या ओळखीचा होता. गप्पिष्ट माणूस, सगळ्या गावाची त्याला पंचाईत. मी बिजागऱ्या घ्यायला गेलो तर काऊंटरवर वाकून म्हणाला, "साहब, एक बात समझ में नहीं आती. वो कबाड़वाले सेठ हैं ना, आपके इलाके के? कबाड़ी को तो काटने की चकरी लगती है. ये घिसने की चकरी ले जा रहे हैं, पेटी की पेटी. कबाड़ को कौन चमकाता है?"

बिजागऱ्या मी तिथेच विसरून आलो. इथल्या भट्ट्यांना भंगार लागतं, ते परदेशातून कंटेनर भरभरून येतं, आणि हे शेठ त्यातले मोठे व्यापारी. भंगार कापायचं आणि भट्टीत घालायचं, एवढाच त्याचा प्रवास. ते घासून गुळगुळीत करायची गरज कोणाला पडते? ज्याला त्यावरचं काहीतरी पुसायचं असतं त्याला.

मी सीमाशुल्क खात्यात गेलो. तिथे नागपूरची एक तरुण अधिकारी होती. तिने मला अँटीडंपिंग शुल्क म्हणजे काय ते समजावलं. म्हणाली, "सर, समजा एखादा बडा दुकानदार तुमच्या गल्लीत आला आणि पदरचं घालून स्वस्त विकायला लागला. गल्लीतली छोटी दुकानं बसली की मग तो भाव वाढवणार. देशांचंही तसंच असतं. काही देशांतले कारखाने पाइप त्यांच्या स्वतःच्या बाजारभावापेक्षाही कमी दरात इथे ओततात. मग आपल्याकडच्या मिलना टाळं लागू नये म्हणून सरकार त्या देशाच्या पाइपवर जादा शुल्क बसवतं. भंगारावर ते नाही."

"म्हणजे भंगार म्हणून पाइप आणले तर?"

"तर शुल्क बुडालं. वर इथल्या मिलचं नाव मारलं की गिऱ्हाईक डोळे मिटून घेतं आणि आयातीचे कागद कोणी मागत नाही. पण सर, माल त्याच देशाचा आहे हे सिद्ध व्हायला हवं. घासलेल्या लोखंडाला देश नसतो."

म्हणजे तिला जो पुरावा हवा होता तोच मला हवा होता. पाइप परदेशी ठरला, तर तो मिलच्या मागच्या दाराने गेला नाही हे आपोआप ठरणार होतं, आणि काका सुटणार होते.

आम्ही दोन्ही खात्यांनी मिळून शेठच्या गोदामावर झडती घेतली. भंगाराच्या ढिगामागे पाइप रचलेले होते, आरशासारखे घासलेले. शेठ शांतपणे गल्ल्यावर बसून होते. "लोकल माल है साहब, पुराना था, साफ करवाया," एवढंच त्यांचं उत्तर. स्टेन्सिल कुठेच मिळाला नाही. आम्ही एकेक पाइप उलटापालटा केला. घासणाऱ्यांनी काम चोख केलं होतं. एका अक्षराचाही माग नव्हता. ती अधिकारी निराश होऊन बाजूला उभी राहिली आणि शेठ आम्हाला चहा विचारायला लागले. संशयित चहा विचारायला लागला की समजावं, त्याला आता कसली धास्ती उरलेली नाही.

मी गल्ल्यामागच्या देवघराकडे सहज पाहिलं. लक्ष्मीचा फोटो, उदबत्ती, आणि शेजारी भिंतीला टेकवून उभा केलेला एक पाइप. त्याच्या वरच्या टोकाला शेंदराचं स्वस्तिक, भोवती लाल धाग्याचे वेढे. नवा माल आला की पहिल्या नगाला टीका, म्हणजे शेंदराचा टिळा, लावायचा, नारळ फोडायचा, ही इथली पद्धत. आमच्याकडे थान्यात नवी जीप आली तरी आम्हीही तेच करतो.

हा पाइप घासलेला नव्हता.

"शेठजी, हा पण लोकल?" मी विचारलं.

"जी."

"मग त्यावरचा टीका पुसून दाखवा."

शेठनी हात मागे घेतले. मी माझ्या शिपायाकडे पाहिलं. खेड्यातला भला माणूस, दहा गुंडांत एकटा घुसणारा. तो एक पाऊल मागे सरकून म्हणाला, "साहेब, एमा तो टीका लगे हे." यात टीका लागलाय, आता मी कसा पुसू, हा त्याचा अर्थ. आणि मला सगळं उमगलं. घासणारे मजूरही याच मातीतले. शेठनी सांगितलं असतं तरी त्यांनी शेंदरावर मशीन चालवलं नसतं, आणि शेठनी तसं सांगितलंही नसतं. दगडाला शेंदूर फासला की देव होतो, तर परदेशी पाइपचा का होऊ नये?

मी बूट काढले, हात जोडले, आणि पंचांसमोर देवघरातल्याच खोबरेल तेलाने तो शेंदूर पुसला. खरं सांगतो, माझेही हात जड झाले होते. शेंदराखाली रंगवलेली परकी अक्षरं निघाली आणि त्यांच्या खाली लोखंडात ठोकलेला त्या देशातल्या कारखान्याचा शिक्का. नागपूरची पोरगी एकदम ओरडली, "मिळाला सर!" ढिगातल्या पाइपशी आणि राईस मिलमधल्या फुटलेल्या पाइपशी त्याची धातूची तपासणी नंतर जुळली. तो त्या कारखान्याने बाद केलेला माल होता, म्हणूनच बॉयलरमध्ये टिकला नाही.

त्यानंतर शेठची चौकशी फार लांबली नाही. टीका पुसला गेला तेव्हाच ते आतून खचले होते. मला एकच गोष्ट हवी होती. स्टेन्सिल आला कुठून?

"उसी मिल के कबाड़ में," ते म्हणाले. "उनका कबाड़ मैं ही उठाता हूँ. पत्रा उसी में आया था, साबुत."

मी मालक आणि काका दोघांनाही समोरासमोर बसवलं. मालक उसळले, "जुना स्टेन्सिल कापूनच भंगारात टाकायचा असा आमचा नियम आहे!"

काका खाली मान घालून म्हणाले, "नियम आहे मालक. पण विश्वकर्मा पूजेले आपण यंत्रांसंगं त्याचीही पूजा करतो ना? हळदकुंकू वाहिलेल्या वस्तूवर कात्री कशी चालवायची? मी नमस्कार केला अन् तसाच भंगाराच्या पेटीत ठेवून देला. दरवर्षी असंच करून राहिलो."

ज्या श्रद्धेने चोराला पकडून दिलं होतं, तिनेच चोराच्या हातात हत्यार दिलं होतं. काकांचा गुन्हा नव्हता, हेतू नव्हता, कायद्याच्या दृष्टीने ते साक्षीदार होते. मी तसं लिहिलं. मालकांनीही शरमून त्यांना कामावर परत घेतलं. शेठवर फसवणुकीचा आणि खोट्या छापाचा खटला आम्ही चालवला, शुल्काचं प्रकरण सीमाशुल्क खात्याने. पण काकांनी स्वतःला सोडलं नाही. तो हमाल दवाखान्यातून घरी जाईपर्यंत त्याला तात्यापाऱ्यातून रोज डबा जात होता.

मी या प्रकरणातून एक गोष्ट शिकलो आणि पुढे नव्या पोरांना शिकवली. माणूस कशाला घाबरतो हे शोधायला सगळेच पोलीस शिकतात. तो कशापुढे हात जोडतो तेही बघा. तिथे त्याचा हात थांबतो, आणि तिथेच काहीतरी पुसायचं राहून जातं. हे चोरालाही लागू आहे आणि सज्जनालाही.

पुढच्या वर्षी विश्वकर्मा पूजेला मिलमधून मला आग्रहाचं बोलावणं आलं. यंत्रं धुऊन पुसून, हार घालून उभी होती. नव्या स्टेन्सिलची पूजा झाली, जुन्याचीही झाली. आरतीचं तबक काकांच्या हातात होतं. मग ते पत्रा कापायची मोठी कात्री घेऊन पुढे आले. मालकांनाच राहवलं नाही. "काका, राहू द्या. आज सणाचा दिवस. उद्या कोणीही कापेल."

"नाही मालक," काका म्हणाले. "त्या पोट्ट्याच्या हातावरचे डाग अजून गेले नाहीत."

त्यांनी पत्र्यापुढे डोकं टेकवलं, काहीतरी पुटपुटले आणि कात्री लावली. कर्रकन आवाज झाला. पुजारी दुसरीकडे बघत होता. काकांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण शेवटचं अक्षर तुटेपर्यंत ते थांबले नाहीत. मग सगळे तुकडे ओंजळीत घेऊन त्यांनी कपाळाला लावले आणि भंगाराच्या पेटीत टाकले.