इंजिन नवं, दांडा जुना

गॅरेजमध्ये दोन गोष्टी साठत जातात, भंगार आणि किस्से. भंगार अधूनमधून हातगाडीवाला येऊन घेऊन जायचा. किस्से कोणी नेले नाहीत, ते माझ्याकडेच पडून आहेत. परवा मित्रांपुढे एक बाहेर काढला, तर त्याला अडकून आणखी चार आले.

ऐंशीच्या दशकात मी मुलुंडला आग्रा रोडवरच्या एका गॅरेजमध्ये मेकॅनिक होतो. गॅरेज परब मेस्त्रींचं. माणूस मालवणकडचा, पन्नाशीचा, हात सोन्याचा. रागावले की मालवणीत बोलायचे, खूश झाले तरी मालवणीतच. त्यामुळे गिऱ्हाइकाला नक्की काय झालंय ते कळायचं नाही.

तेव्हा एक फॅड आलेलं. जुन्या गाडीचं पेट्रोल इंजिन काढायचं आणि कुर्ल्याच्या भंगार बाजारातून ट्रकचं किंवा ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन आणून बसवायचं. कोणाला पेट्रोल परवडत नव्हतं, कोणाला नुसता जोर पाहिजे होता. इंजिन दुप्पट ताकदीचं यायचं. पण त्याच्या मागे क्लच, गिअरबॉक्स, गाडीखालून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा, चाकांचे एक्सल, हे सगळं मूळचंच राहायचं. मेस्त्री प्रत्येकाला सांगायचे, "इंजिन पैलवानाचा आणि हाडां म्हाताऱ्याची. मोडतली."

गिऱ्हाईक म्हणायचं, "आधी इंजिन तर बसवा, मागचं नंतर बघू."

* * *

घाटकोपरचे शहाशेठ, फरसाणवाले. त्यांच्या व्हॅनमध्ये आम्ही मोठं डिझेल इंजिन घातलं. क्लच जुनाच ठेवायचा, ही त्यांची अट. मोठ्या इंजिनापुढे जुनी क्लच प्लेट नुसती घसरते, घासते आणि जळते. त्याचा एक करपट वास येतो, एकदा घेतलेला माणूस विसरत नाही.

शेठनी तो कधी घेतला नव्हता. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, गाठिया करपल्या. दुकानात जाऊन त्यांनी आचाऱ्याला झापलं. दुसऱ्या दिवशी परत वास आला, आचाऱ्याला परत झापलं. तिसऱ्या दिवशी आचारी गावी निघून गेला. चौथ्या दिवशी गाडी पुलाच्या चढावर नुसतीच ओरडायला लागली, पुढे सरकेना, म्हणून शेठ कशीबशी वळवून आमच्याकडे घेऊन आले. उतरल्या उतरल्या नाक वर करून म्हणाले, "मेस्त्री, तुमच्याकडे पण काहीतरी करपतंय."

मेस्त्री शांतपणे म्हणाले, "शेठ, ह्यो वास तुमच्याबरोबरच इलो."

नवीन क्लच आम्ही दोन दिवसांत बसवला. आचारी परत यायला महिना लागला.

* * *

बोरीवलीचे प्रधान बँकेत साहेब होते. स्वभावाने गरीब, पण शेजाऱ्याने नवी गाडी घेतली आणि यांचं डोकं फिरलं. आपल्या जुन्या गाडीत त्यांनी आमच्याकडून भलतंच इंजिन बसवून घेतलं. एक्सल बदलायला मात्र तयार होईनात.

एकदा सिग्नलला शेजाऱ्याची गाडी बाजूलाच येऊन उभी राहिली. प्रधानांनी इंजिन रेस केलं, आणि हिरवा लागताच क्लचवरून पाय एकदम उचलला. मागे खट्ट आवाज झाला. एका बाजूचा एक्सल तुटला, की सगळा जोर त्या तुटक्या बाजूला फुकट फिरत राहतो आणि गाडी जागची हलत नाही. स्पीडचा काटा मात्र फिरतो. शेजारी निघून गेला. प्रधान पाय दाबतच राहिले.

हवालदार आला. "साहेब, गाडी मध्ये का उभी केलीय?"

प्रधान घाबरलेले. ते काट्याकडे बोट दाखवून म्हणाले, "उभी कुठेय? चाळीसच्या स्पीडने चाललोय."

हवालदाराने खिडकीतून वाकून काटा बघितला. खरंच चाळीस. मग त्याने वही काढली आणि जरा विचारात पडला. "साहेब, तुम्हीच सांगा. उभी म्हणून लिहू, का पळते म्हणून लिहू?"

* * *

मुलुंडचे डॉक्टर केळकर घरोघरी व्हिजिटला जायचे. त्यांच्या गाडीतल्या नव्या इंजिनाने जुन्या गिअरबॉक्सचे दात खाल्ले. पण फक्त रिव्हर्सचे. पुढचे सगळे गिअर ठणठणीत. मेस्त्री म्हणाले, गाडी चार दिवस ठेवा. डॉक्टर म्हणाले, पेशंट सोडून चार दिवस कसा बसू?

तशीच त्यांनी दोन महिने गाडी चालवली. तुम्ही म्हणाल, मागे न घेता कशी चालवली? तर एकदा आमच्या समोर त्यांना कोणाचातरी मुलगा बोलवायला आला. घाम पुसत म्हणाला, "डॉक्टर, चला लवकर, बाबांना खूप ताप चढलाय."

डॉक्टरांनी बॅग उचलली आणि विचारलं, "तुमची गल्ली पुढे निघते का?"

* * *

आता एक असा सांगतो, ज्याला त्या दिवशी आम्ही कोणी हसलो नाही.

विक्रोळीच्या कारखान्यातले फोरमन दळवी. त्यांच्या जीपमध्ये आम्ही ट्रकचं इंजिन बसवलं. दांडा बदलायला ते नाहीच म्हणाले, कारण दुसऱ्या दिवशी बायकामुलांना घेऊन गावी निघायचं होतं. मेस्त्री हट्टाला पेटले. "एक ट्रायल घेतल्याबिगर गाडी देऊचंय नाय."

ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर मी चालवत होतो, मेस्त्री बाजूला, दळवी मागे. इंजिनाच्या धगीने पायाखालचा पत्रा तापला होता, म्हणून मेस्त्री चपला काढून सीटवर मांडी घालून बसले. मी ॲक्सिलेटर दाबला आणि खाली तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. दांड्याचा पुढचा सांधा तुटला होता. सुटलेला दांडा गरगरत वर आला, पत्रा फाडून आत घुसला, आणि दोनतीन तडाखे देऊन खाली रस्त्यावर आदळला. मी ब्रेकवर उभा राहिलो. गाडी तिरकी होऊन थांबली.

मेस्त्रींच्या चपला जिथे होत्या तिथे भोक होतं. भोकातून हायवे दिसत होता.

मागून दळवींचा आवाज आला, "मेस्त्री, उद्या सकाळपर्यंत होईल ना?"

 मेस्त्री अनवाणीच उतरले आणि कडेच्या दगडावर बसले. मी टपरीवरून चहा आणून त्यांना दिला. 

दळवी गावी एसटीने गेले. परत आल्यावर त्यांच्या मिसेस एकट्या गॅरेजमध्ये आल्या, नारळ आणि गावाकडच्या गोड खाज्याची पुडी घेऊन. मेस्त्रींच्या हातात देऊन म्हणाल्या, "आमची दोन्ही पोरं पुढेच बसायचा हट्ट करत होती." एवढंच बोलल्या आणि गेल्या. त्यानंतर, तुटला तरी उसळू नये म्हणून दांड्याभोवती लोखंडी पट्टी मारल्याशिवाय आमच्याकडून एकही गाडी बाहेर पडली नाही.

* * *

शेवटचा वेसाव्याचा. अंधेरीच्या बाजारात हिराबाई मासे विकायची, आणि तिचा नवरा पांडू होडी चालवायचा. सगळ्यांच्या आधी किनाऱ्याला लागायचं, म्हणजे बाजारात पहिला मान आपला, असं हिराबाईच्या मनाने घेतलं. तिने मेस्त्रींना गाठून होडीत ट्रकचं इंजिन बसवून घेतलं. पाण्यातल्या पंख्याकडे जाणारा दांडा बदला, असं मेस्त्रींनी तिलाही सांगितलं. ती म्हणाली, "माज्या सासऱ्याच्या येळचा हाय, त्याला काय व्हनार?"

ट्रायलला तिने आम्हा दोघांना जेवायलाच बोलावलं. मेस्त्री नवीन टेरिलिनची पँट घालून आले, कडक इस्त्रीची. सकाळची वेळ. किनाऱ्यावर हिराबाई आणि पाटी घेतलेल्या पंचवीसतीस बायका. होडी अशी सुटली की पांडू गायलाच लागला.

बरंच लांब गेल्यावर कडाक्कन आवाज झाला, आणि इंजिन मोकाट किंचाळायला लागलं. सांध्याचे बोल्ट तुटले होते. दांडा पंख्यासकट मागच्या मागे समुद्रात निघून गेला, आणि तो जिथून बाहेर जायचा त्या भोकातून मनगटाएवढी धार आत यायला लागली. मला पोहता येत नाही. घोट्यापर्यंत पाणी आलं तेव्हा मी आईचं नाव घेतलं.

पांडूने कमरेचा रुमाल सोडून भोकात कोंबला. धार त्याला घेऊन आत आली. मेस्त्रींनी तळहात लावला, तोही बाजूला फेकला गेला. "कायतरी जाड दी," ते ओरडले. जाड काहीच नव्हतं. जाळी मुद्दाम किनाऱ्यावर ठेवली होती, होडी हलकी पळावी म्हणून.

मेस्त्रींनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पाण्याकडे, आणि एकदा आपल्या नव्या पँटकडे.

दोन मिनिटांनी धार थांबली. तासाभराने दुसऱ्या होडीने आम्हाला दोर टाकून ओढत किनाऱ्याला आणलं. पांडू ओला रुमाल गुंडाळून उतरला. मीही उतरलो आणि वाळूवर बसलो. मेस्त्री इंजिनामागे बसून राहिले.

सगळ्या बायका होडीभोवती जमल्या. हिराबाई पुढे झाली. "मेस्त्री, उतरा ना. भाकऱ्या थंड व्हतायत."

मेस्त्री जागचे हलले नाहीत. समुद्राकडे बघत म्हणाले, "बाय, माका जेवाण हंयच पाठवून दी."