अलकाचा गुरुवार

आमच्या मजल्यावर चारजणी जमल्या आणि त्यातली एक जरी "अलका आठवते का गं?" म्हणाली, की कुणाच्या तरी गॅसवरचं दूध उतू जाणार हे नक्की! अलका आमच्याकडे होती जेमतेम तीन महिने. किस्से मात्र असे साठलेत की एक ओढला की त्याला चिकटून दुसरा बाहेर येतो. शिवाय प्रत्येकीचं व्हर्जन वेगळं. मी माझं सांगते. बाकीच्यांची साफ खोटी आहेत.

तर परळची आमची चाळ, दुसरा मजला. शेजारचे गावडे बदलापूरला गेल्यापासून आपली खोली हॉस्पिटलातल्या पेशंटच्या नातेवाइकांना राहायला देतात. तिथे इथिओपियाहून एक बाई आली. चाळिशीची, उंच, कपाळावर गोंदलेला क्रूस. नवऱ्याच्या हृदयाची झडप खराब झाली होती, त्याचं मोठं ऑपरेशन व्हायचं होतं. तो हॉस्पिटलात आणि ही आमच्या मजल्यावर एकटी. मराठी नाही, हिंदी नाही, इंग्रजीतले 'थँक यू' आणि 'डॉक्टर' हे दोनच शब्द. नाव अल्माझ. आमच्याच मजल्यावरच्या पेडणेकर काकींनी ते दोनदा म्हणून बघितलं आणि तिसऱ्यांदा 'अलका' करून टाकलं. विषय संपला.

* * *

परदेशी माणूस दिसला की आपण हिंदी का बोलायला लागतो, हे मला आजवर कळलेलं नाही. पेडणेकर काका विमा ऑफिसातून रिटायर झालेले. मजल्यावरचा सगळा कारभार आपणच बघतो, असा त्यांचा समज आहे. अलका आली त्याच दिवशी ते तिच्या दारात जाऊन उभे राहिले.

"आप बिलकुल घबराना नय! पानी सुबह छे बजे आता है! पिंप भरके रखने का!"

अलका हसली. काकांनी आवाज वाढवला. परदेशी माणसाला कळत नाही म्हणजे ऐकू येत नाही, हा दुसरा समज.

"पिंप! पिंप! भरके!"

खाली इस्त्रीवाला मान वर करून बघायला लागला. अलकाही घाबरली. ती धावत आत गेली, खुर्ची आणली, काकांना दंडाला धरून बसवलं आणि पाण्याचा ग्लास त्यांच्या तोंडाला लावला. म्हाताऱ्याला धाप लागलीय, असं तिला वाटलं!

काकी दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "तिका हिंदी कळत नाय, आणि तुमची हिंदी तर हिंदीवाल्यांकपण कळत नाय."

मग काकींनी स्वतःचा मार्ग काढला. त्या अलकाशी सरळ मालवणीत बोलायला लागल्या. मी विचारलं, "काकी, तिला कसं कळणार?"

"अगो, तिका खंयच्याच भाषेत कळाचा नाय. मगे मी माझ्या जिभेक त्रास कित्याक देऊ?"

तेव्हापासून संध्याकाळी दोघी गॅलरीत तासभर बोलायच्या. ही मालवणीत, ती तिच्या भाषेत, आणि दोघी एकाच वेळी. त्यामुळे कुणी कुणाचं बोलणं तोडतंय, अशी तक्रारही नसायची.

* * *

अलकाने एका पिशवीतून तिच्या देशाची भाकरी आणली होती. मोठी, मऊ, जाळीदार, आंबवलेल्या पिठाची. काकींनी तुकडा तोडून तोंडात टाकला, डोळे मिटले आणि निकाल दिला.

"ही तर आमचीच आंबोळी! आंबट जरा जास्त झाली हा आणि उलटूक इसारली."

दुसऱ्या दिवशी काकींनी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ डब्यातून पाठवली. आता आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. अलकाला हे कोण सांगणार, म्हणून मीच तिच्या वतीने डब्यात घालायला मूठभर साखर घेऊन निघाले. जाऊन बघते तर तिने आधीच डब्यात भाजलेले जव आणि चणे भरून तो पोचता केला होता. तिच्याकडेही भांडं रिकामं देत नाहीत!

झालं. काकी डबा रिकामा पाठवणार नाहीत, अलका पाठवणार नाही. डबा रोज या दारातून त्या दारात. शेवटी तिसऱ्या खोलीतल्या फिलोमिना आंटीने तो मधेच गॅलरीत अडवला, आतले शेंगदाण्याचे लाडू खाल्ले आणि डबा स्वतःच्या घरात ठेवला. "कोणीतरी थांबवायला पाहिजे ना, मॅन!"

* * *

बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे आमच्या मजल्याचे माशांचे वार. बुधवारी काकींनी अलकाला बांगडा पाठवला, तिने हात जोडून परत केला. शुक्रवारी सुरमई, तीही परत. काकी दुखावल्या. एक वेळ माणूस आजारी असला तर समजू शकतो, पण सुरमई परत?

आणि पुढच्या गुरुवारी सकाळी अलकाच्या खोलीतून मटणाचा वास यायला लागला!

गुरुवार म्हणजे काकांचा वार. कांदा नाही, लसूण नाही, तवासुद्धा वेगळा. लग्न झाल्यापासून हा गुरुवार काकीच सांभाळतात, बुधवारी रात्री ओटा धुऊन ठेवतात. काका दत्ताची आरती करत होते आणि खिडकीतून मटण आत येत होतं. आरती कशीबशी संपवून ते तरातरा बाहेर आले.

अलका गॅलरीतच होती, ताट घेऊन. तिने भाकरीचा तुकडा तोडला, त्यात रस्सा गुंडाळला आणि थेट माझ्या तोंडात घातला. मला काही सुचायच्या आत दुसरा. मग काकींना. काकींनी तोंड उघडलं नाही, तेव्हा ती हसत वाट बघत उभी राहिली. मी कानात सांगितलं, "काकी, गुरुवार काकांचा आहे, तुमचा नाही." काकींना हे इतक्या वर्षांत कुणीच सांगितलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं.

मग अलका काकांकडे वळली. कपाळावर गंध, हातात आरतीचं तबक आणि समोर परक्या बाईच्या हातातला मटणाचा घास! काकांनी ओठ मिटले, मान फिरवली आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. अलकाचा हात तसाच वर राहिला. मला फार वाईट वाटलं.

शनिवारी हॉस्पिटलातली दुभाषी मुलगी आली, तेव्हा सगळा उलगडा झाला. बुधवारी आणि शुक्रवारी अलकाचे उपास, त्या दिवशी मांस-मच्छी तर सोडाच, दूध-तूपही बंद. आणि हाताने घास भरवणं म्हणजे तिच्याकडे सगळ्यात मोठा मान. तोही एक देऊन थांबत नाहीत, निदान दोन तरी. नाकारला तर तो माणूस आपल्याला आपलं मानत नाही असा अर्थ.

काका म्हणाले, "मला कुठल्याही वारी चालेल. गुरुवार सोडून."

पण अलकाने धडा घेतला होता. नंतर जेव्हा जेव्हा ती ताट घेऊन गॅलरीत आली, तेव्हा सगळ्यांना घास भरवला आणि काकांना मान लववून पुढे गेली. म्हातारा अगदी मुद्दाम खुर्ची टाकून वाटेत बसायचा. तरी नाही.

* * *

कपाळावरचा क्रूस बघितल्यापासून फिलोमिना आंटीचा अलकावर हक्क होता. "ती आमची हाय. तुमी लोक उगाच हळदीकुंकवाला ओढू नका." रविवारी तिने अलकाला चांगली नटवून चर्चला नेलं.

तासाभराने आंटी लालबुंद होऊन परत आली. "दारात चपला काढल्या तिने! सगळा पॅरिश बघत होता! मग पायरीला डोकं टेकलं, उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला. फादर मला विचारतो, फिलोमिना, ही कोण?"

काकी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आमची."

* * *

ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हा अलकाला नवीन कपडे हवे होते. तिने खुणेने सांगितलं, अंगभर गुंडाळायचं, लांब. काकी आणि मी तिला हिंदमाताला साड्यांच्या दुकानात घेऊन गेलो. दुकानातल्या सेल्समनने तिला साऊथची समजून दोन-चार तमिळ शब्द फेकले. तिने "थँक यू, डॉक्टर" म्हटलं.

त्याने हिरव्या काढल्या, लाल काढल्या, मोरपिशी काढल्या. अलकाने सगळ्या बाजूला सारल्या आणि मागच्या कपाटातली एक कोरी पांढरी सुती साडी बोटाने दाखवली.

काकींचा चेहरा उतरला. नवरा हॉस्पिटलात, चार दिवसांवर ऑपरेशन आणि ही पांढरी साडी मागते! "नाय गो बाय, ह्या नाय!" असं म्हणत त्यांनी साडी ओढली. अलकाने आपल्या बाजूने ओढली. सेल्समन म्हणाला, "मॅडम, फाटली तर घ्यावी लागेल."

अलकाने मोबाइल काढून फोटो दाखवला. तिचं लग्न. नवरी पांढऱ्यात, नवरा पांढऱ्यात, मागचं सगळं वऱ्हाड पांढऱ्यात. आनंदाच्या दिवशी तिच्याकडे पांढरंच नेसतात. काकी बराच वेळ फोटो बघत राहिल्या. मग साडी घेतली, बाहेर आल्या आणि समोरच्या कासाराकडे बसवून अलकाच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरल्या.

"आता नेस काय नेसायचा ता," असं म्हणाल्या आणि रस्त्यातच डोळे पुसले.

* * *

ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलने सांगितलं की पेशंटच्या नातेवाइकांनी रक्त द्यायचं. अलकाचे नातेवाईक समुद्रापलीकडे. इतके दिवस ही बाई हसत होती, त्या दिवशी गॅलरीत बसून रडली. बांगड्यांचा आवाज होऊ नये म्हणून हात पोटाशी धरून.

काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि म्हणाले, "चला."

मी, माझा नवरा, आंटीचा मुलगा नेल्सन आणि काका ब्लड बँकेच्या खिडकीशी उभे राहिलो. आतल्या माणसाने विचारलं, "पेशंटशी नातं?"

नेल्सन म्हणाला, "ब्रदर."

माझा नवरा म्हणाला, "भाऊ."

मी म्हटलं, "बहीण."

त्याने पेशंटचं नाव पुन्हा वाचलं. मग आमची तोंडं बघितली. मग काकांकडे वळला. "आणि आपण?"

"सासरा," काका म्हणाले.

"म्हणजे पेशंटची बायको तुमची मुलगी?"

"हो. पण घरात बोलत नाही माझ्याशी."

तो माणूस एकदम हळवा झाला. "आजकाल सगळीकडे तेच आहे हो," म्हणाला आणि त्याने काकांना बसायला स्टूल दिलं. माझं हिमोग्लोबिन कमी निघालं म्हणून मला परत पाठवलं. काकांचं ठणठणीत!

* * *

ऑपरेशन झालं. झडप बसली. सगळा मजला आठवडाभर जीव मुठीत धरून होता, आणि एके दिवशी दुपारी अलका नवऱ्याला घेऊन जिना चढली. तो बारीक, पांढरा पडलेला, पण स्वतःच्या पायांनी चालत होता. ती पांढऱ्या साडीत, हिरव्या बांगड्यांत. फिलोमिना आंटीने छातीवर क्रूसाची खूण केली आणि काकींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला.

अलकाने सकाळीच कोंबडी शिजवून ठेवली होती, लालभडक, अख्खी अंडी घातलेली. नवऱ्याला खुर्चीवर बसवून तिने ताट उचललं आणि गॅलरीतून निघाली. आंटीला दोन घास. नेल्सनला दोन. माझ्या नवऱ्याला, मला, काकींना.

काका शेवटच्या खुर्चीवर होते. कपाळावर गुरुवारचं ताजं गंध. अलकाने नेहमीसारखी मान लववली आणि पुढे निघाली.

काका खोकले.

ती थांबली. काका परत खोकले, ताठ बसले आणि तोंड उघडलं. अलकाने एकदा आमच्याकडे बघितलं. मग तिने भाकरीत कोंबडी आणि अंडं गुंडाळून एवढा मोठा घास केला आणि काकांच्या तोंडात घातला.

सगळी गॅलरी काकांच्या जबड्याकडे बघत होती. त्यांनी सावकाश चावून, डोळ्यांत पाणी आणून तो घास गिळला. मग काकींकडे न बघता विचारलं, "आज वार कुठला गं?"

काकी पदराला हात पुसत म्हणाल्या, "बुधवार."

"मग दुसरा घास कुठाय?"