कोपरा कापलेली बावीस कार्डं

मला मराठी लिहायला ज्या माणसानं शिकवलं, त्याच्याइतकं चुकीचं मराठी बोलणारा माणूस त्या काळात अख्ख्या औरंगाबादेत शोधून सापडला नसता. ते आमच्या कॉलेजात उर्दूचे प्राध्यापक होते. ‘माझा टोपी कुठं गेला’ असं विचारत वऱ्हांडाभर फिरायचे, आणि टोपी बहुतेक वेळा डोक्यावरच असायची. पोलीस ॲक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती. उर्दूला येणारी मुलं दरवर्षी कमी होत होती आणि खेड्यांतून आमच्यासारखी मुलं दरवर्षी वाढत होती. आम्ही आपापल्या घरातले कॉलेजात आलेले पहिलेच. पाठ केलेला निबंध म्हणा म्हटलं तर धडाधड म्हणायचो, पण रजेचा अर्ज स्वतःच्या मनानं लिहा म्हटलं की दरदरून घाम फुटायचा. आमच्यासाठी सकाळी सातला लेखनाचा जादा वर्ग काढायचं ठरलं. मराठीच्या प्राध्यापकांना ते काम हलकं वाटलं. मग ज्यांच्याकडं तास कमी होते त्यांच्या गळ्यात प्राचार्यांनी ते घातलं, आणि बावीस मराठी मुलांना मराठी लिहायला शिकवायला उर्दूचे सर आले.

पहिल्याच दिवशी त्यांनी स्वतःची हकीकत सांगून टाकली. तरुणपणी ते तहसील कचेरीत कारकून होते. पोलीस ॲक्शननंतर हळूहळू सगळे कागद मराठीत आले. “मियां, रात्री झोपलो तवा मी पढालिखा होतो,” ते म्हणाले, “सकाळी उठलो तर अनपढ. शेजारच्या घरातली तिसरीतली पोरगी मला बाराखडी शिकवायला यायची, चुकलं की हसायची. म्हणून मला तुमची शरम वाटत नाही. तुम्ही पण माझी नका वाटून घेऊ.” आम्ही कशाला शरम वाटून घेतोय? आपल्यापेक्षा चुकीचं बोलणारा मास्तर आयुष्यात पहिल्यांदाच भेटल्यामुळं आम्हाला उलट बराच धीर आला होता.

त्यांचा एकच नियम होता. वाचणारा कोण हे ठरल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. आणि तो वाचणारा ते स्वतः व्हायचे. अर्ज तहसीलदाराच्या नावे असला की टोपी कपाळावर ओढून, डोळे बारीक करून, जांभया देत वाचायचे आणि तिसऱ्या ओळीला कागद बाजूला टाकून ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणायचे. पत्र आईला असलं की टोपी काढून रुमालाचा पदर डोक्यावर घ्यायचे. एकानं आईला पत्र लिहिताना सुरुवातीच्या नमस्कारातच पाऊण पान भरवलं, तेव्हा ही सहा फुटी, दाढीवाली आई बाकावर बसून रडवेल्या आवाजात म्हणाली, “हौ बेटा, पावला नमस्कार. पण तू जेवतोस का नाही, ते कधी सांगणार?”

एकदा त्यांनी कॉलेजपासून औरंगपुऱ्यातल्या पोस्टापर्यंतचा रस्ता लिहायला सांगितला, आणि माझ्या मित्राचा कागद हातात धरून त्याबरहुकूम चालायला लागले. मागं आम्ही बावीसजण. कागदावर ‘न्हाव्याच्या दुकानाशी यावे’ असं होतं, त्याच्यापुढं काहीच नव्हतं. सर दुकानात शिरले, खुर्चीवर बसले. न्हाव्यानं विचारलं, काय करायचं? सर म्हणाले, “याला विचारा, मला काही लिहून दिलेलं नाही.” मित्र गोंधळून माझ्यामागं लपला. न्हाव्यानं आपल्या समजुतीनं त्यांची दाढी उतरवली. वीस वर्षांची दाढी होती ती. दुसऱ्या दिवशी सर गुळगुळीत चेहऱ्यानं वर्गात आले आणि मित्राला एवढंच म्हणाले, “घरी बीवीनं पहचानलं नाही. पुढचं वाक्य लिहीत जा, बाबा.”

लाल शाई त्यांनी कधी वापरली नाही. जिथं काही चुकलं असेल त्या ओळीखाली पेन्सिलीनं मोहरीएवढा ठिपका द्यायचे, बस. काय चुकलं ते सांगायचे नाहीत. कधी एखादा शब्द खटकलेला असायचा, कधी अख्खी ओळच खोटी असायची. आपण शोधायचं. न सापडलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, “सापडेल. ठिपका कुठं जात नाही.”

सहामाहीच्या आधी त्यांनी आम्हा सगळ्यांना एकेक पोस्टकार्ड दिलं. घरी लिहा, खरं लिहा, मी टपालात टाकतो. मी वडिलांना लिहिलं. शेंद्र्याला आमची थोडी शेती होती, वडील निरक्षर, मला शिकवायचंच असा त्यांचा हट्ट. आणि माझं मन कॉलेजातून पार उडालेलं. शिकवलेलं कळत नव्हतं, खोलीवर एकटं वाटायचं, शहरातली मुलं माझ्या बोलण्याला हसायची. मी लिहिलं, ‘दादा, मला इथं जमत नाही. मी शिक्षण सोडून घरी येतो.’ सर दर वेळेसारखे माझे वडील होऊन ते मोठ्यानं वाचतील अशी मला भीती होती. त्यांनी ते मनात वाचलं. टोपी काढून टेबलावर ठेवली. म्हणाले, “इतक्या दिवसांतलं तुमचं हे पहिलं खरं लिखाण. ठिपका द्यायला कुठं जागा नाही.” आणि कार्ड गठ्ठ्यात ठेवलं. खरं सांगायचं तर ते मला अडवतील असं मला वाटलं होतं. मला त्यांचा फार राग आला.

त्या रात्री स्टाफरूमच्या कपाटात उंदरानं गठ्ठ्याचा एक कोपरा कुरतडला. सर स्वच्छतेचे भोक्ते. असली कार्डं पाठवणं बरं दिसत नाही म्हणून त्यांनी कात्री घेऊन बावीसही कार्डांचे कोपरे नीट तिरपे कापले आणि गठ्ठा टपालपेटीत टाकला. आमच्याकडं कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मयताची खबर. ते घरात नेत नाहीत, उंबऱ्याबाहेरच फाडून टाकतात. हे सरांना ठाऊक असायचं कारणच नव्हतं. त्यांचं सगळं गोत शहागंजच्या दोन गल्ल्यांत राहायचं. कुणी गेलं तर माणूस चालत येऊन सांगायचा.

दोन दिवसांनी सकाळी कॉलेजच्या फाटकात रडारड सुरू झाली. तास सोडून आम्ही बाहेर धावलो, तर एकेकाचं गणगोत उभं. ज्याचा मुलगा समोर दिसला तो त्याला मिठी मारत होता, काहींनी तर जिवंत असल्याबद्दल दोन ठेवून दिल्या. वडील दूधवाल्याच्या सायकलवर मागं बसून आले होते. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला.

“जिता हाइस नव्हं?” म्हणाले आणि तिथंच मातीत बसले.

काय घडलं ते कळल्यावर सर पांढरेफटक पडले. प्रत्येकापुढं हात जोडत फिरले, कँटीनमधून सगळ्यांसाठी चहा आणवला आणि स्वतः वाटायला लागले. रडं थांबल्यावर घरच्यांना आठवलं की कार्डात काय होतं ते कुणाला कळलंच नाही. मग झाडाखाली जो तो मुलगा आपलं पत्र तोंडानं सांगायला लागला.

“पोष्टमन म्हनला, तुज्या पोराच्या कालेजातनं आलंय. कारड वेशीतच फाडलं म्या,” वडील म्हणाले. “वाचून काय करायचं व्हतं? काय लिवलं व्हतंस रं?”

सर चहाचा ग्लास घेऊन आमच्यापुढंच उभे होते. त्या कार्डात काय होतं हे जगात आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. वडिलांच्या पायात वहाण नव्हती, घाईत तशीच राहिली असणार. मी म्हणालो, “काय नाय दादा. मी बरा हाय. अभ्यास जड जातूया, पण जमंल. दिवाळीला येतो, असं लिवलं व्हतं.”

“मंग झालं तर,” ते म्हणाले आणि चहा प्यायले.

वडील गेल्यावर सरांनी मला बाजूला घेतलं. “ते खरं आहे?”

“आत्ता झालं, सर.”

त्यांनी खिशातून कोरं कार्ड काढलं. “मग लिहून काढा. बोललात तसंच.”

मी लिहिलं, त्यांनी पाठवलं. प्राचार्यांनी त्यांची चांगलीच खरडपट्टी काढली, पण वर्ग चालू राहिला, फक्त पोस्टकार्डांवर बंदी आली. सरांनी मात्र त्या आठवड्यापासून एक नवंच खूळ काढलं. दर शनिवारी मला घरापर्यंत सोबत न्यायचे. “मियां, आजकाल मला रस्ता विसरायला होतं.” ज्या माणसाचा जन्म शहागंजात गेला, तो शहागंजचा रस्ता विसरतो म्हणजे म्हातारपण लवकर आलं, असं मी धरून चाललो. वाटेत ते माझं सगळं ऐकून घ्यायचे, घरी गरम जेवायला घालायचे, आणि ‘उद्या काय करणार’ असं विचारून मगच सोडायचे. पदवीच्या निकालाच्या दिवसापर्यंत हे चाललं. त्यानंतर त्यांना एकदम रस्ता सापडायला लागला.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा वडीलही गेले. त्यांच्या पेटीत धोतराच्या घडीखाली ते दुसरं कार्ड निघालं. चारही कोपरे शाबूत. माझं तेव्हाचं वेडंवाकडं अक्षर. वाचता वाचता चष्मा पुसून कार्ड उजेडाकडं नेलं. ‘मी बरा आहे’ या ओळीखाली पेन्सिलीचा मोहरीएवढा ठिपका होता.