फाटकाचं दुसरं टोक

सीसीटीव्हीत फाटकाचं टोक दिसलं आणि पुढच्याच क्षणी आमचे गार्ड प्रल्हादकाका भिंतीवर आदळलेले दिसले. मी पाच वेळा पाहिलं.

मी हिंगण्याच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. काकांनी सोळा फुटी लोखंडी फाटक अर्धं उघडून मोकळं टोक हातात धरलं होतं. आत वळणाऱ्या रिकाम्या ट्रकचा बंपर फाटकाला लागला. काकांची मांडी मोडली.

कॅमेऱ्यात ट्रक नव्हता, फक्त ते टोक होतं. फ्रेम मोजून मी वेग काढला. ताशी सुमारे पंचवीस किलोमीटर. गेटवर मर्यादा दहाची. ‘ओव्हरस्पीड’ असा रिपोर्ट लिहून मी सही केली. मॅनेजरसाहेबांनी भिवापूरच्या सुभाष ड्रायव्हरला त्याच दिवशी घरी बसवलं. गाडी पहिल्या गिअरमध्ये होती, असं तो परत परत सांगत होता. जीपीएसही आठ दाखवत होतं. मला वाटलं, जीपीएस चुकलं असेल.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात काकांचा जबाब घ्यायला गेले. सुभाषला काढल्याचं ऐकून ते उठायलाच लागले.

“त्याले काहून काढलं, मॅडम? ट्रक तर हळूच येऊन राहिला होता. मी सोताच ‘ये’ म्हणून हात दाखवला त्याले.”

ज्याचा पाय मोडला, तोच हे सांगत होता.

तडक गेटवर गेले. बंपरचा रंग फाटकाला लागलेला होता. टेप लावला. बिजागरीपासून फक्त चार फूट. मी तिथेच हाताने फाटक ढकललं. माझा हात वीतभर सरकला आणि पलीकडचं टोक चार वीत गेलं.

मी टोकाचा वेग ट्रकच्या नावावर लिहिला होता.

सकाळपर्यंत थांबवेना. तिथेच खुर्ची मागवून नव्याने हिशेब केला. दोन मोकळ्या वस्तू धडकल्या तर वजन गुणिले वेग, म्हणजे संवेग, टिकतो; धडकेआधी आणि नंतर एकूण तेवढाच राहतो. इथे बिजागरीही फाटकाला ओढून धरते, म्हणून तो साधा हिशेब चालत नाही. बिजागरीभोवती फिरण्याचा संवेग मात्र टिकतो. ऊर्जेवरूनही वेग काढता येईना, कारण पत्रा चेपण्यात आणि आवाजात ती थोडी खर्च झाली होती. ट्रक आणि फाटकाची वजनं, अंतरं घालून उत्तर आलं. फाटकाला ढकलताना ट्रकचाही वेग थोडा घटला, म्हणून टोकाचा वेग ट्रकच्या आधीच्या वेगाच्या चौपट नव्हे, सुमारे तिप्पट. म्हणजे ट्रक ताशी आठच्या आसपास.

कागद घेऊन मॅनेजरसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, “रिपोर्टवर तुमचीच सही आहे.”

“हो साहेब. चूकही माझीच आहे.”

सुभाष चौथ्या दिवशी कामावर आला. मी त्याची माफी मागितली. तो चावी घेऊन ट्रककडे गेला. काका सहा महिन्यांनी परतले, थोडे लंगडत. फाटक काढून रुळावर सरकणारं बसवलं.

बिजागरीवरच्या वस्तूला धक्का बसला, तर तो कुठे बसला हे आधी मोजावं. सही नंतर करावी.