हळदीच्या आधी दोन सुया

लग्नाला चार दिवस राहिले असताना मला कुत्री चावली. चूक माझीच. पिपरी मेघेत मावशीकडं केळवण होतं. पोटात श्रीखंड-पुरी, अंगात नवरीचं वारं. दारात कुत्रीनं पिल्लं घातली होती, त्यातलं एक उचलून मी त्याला होणाऱ्या नवऱ्याच्या नावानं हाक मारली आणि मुका घ्यायला गेले. तेवढ्यात त्याच्या आईनं माझ्या पोटरीत दात रुतवले आणि पळाली. ती पुन्हा कुणाला दिसली नाही.

मावशीनं साबणानं पाय धुतला, तोवर ठीक होतं. मग सभा भरली. आमच्यात कुत्रं चावलं की सात विहिरींत डोकावायचं, आणि सुया संपल्याशिवाय हळद लावायची नाही. काका म्हणाले, "पाच सुया म्हंजे महिना गेला. लगन दिवाळीनंतर करू."

बाबा गेल्यामुळं हे लग्न आधीच वर्षभर पुढं गेलं होतं. मुलगा हिंगणघाटचा, आणि मी त्याच्यावर इतकी लट्टू की अजून थांबले असते तर कुत्रं न चावताच पिसाळले असते. दवाखाना उघडेपर्यंत मावसबहिणीला घेऊन मी विहिरी शोधत फिरले. निम्म्यांवर लोखंडी जाळी. जाळीतूनच डोकावले, हसून हसून तिच्या पोटात दुखायला लागलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "याआधी कधी चावलं होतं?"

चावलं होतं. लहानपणी, आमच्या नाचणगावात. सरकारी दवाखान्यात तेव्हा पोटातल्या सुया होत्या. बाबांनी मात्र हातात घ्यायची लस वर्ध्याहून आणवली होती.

"सगळ्या सुया घेतल्या होत्या?"

"घेतल्या असतीन बाई," आई म्हणाली. "हिचे बाबाच नेत. चार का पाच, मले नाई आठवत."

मला आठवत होतं, आणि मी बोटं मोजत सांगितलं. बाबा सायकलवर पुलगावला न्यायचे, आणि सुई टोचून झाली की विचारायचे, "काय खाशीन?" पहिल्या सुईला आलूबोंडा. दुसरीला समोसा. तिसरीला कुल्फी, चौथीला उसाचा रस. पाचवीला मी खायला नको म्हटलं आणि लाल रिबीन मागितली.

"हो बाई, रिबीन," आई एकदम म्हणाली. "न्हातानाही काढू देत नव्हती."

डॉक्टरीणबाई हसल्या. "मग दोनच सुया. एक आज, एक तीन दिवसांनी."

"अन् बाकीच्या?" काकांचा विश्वास बसेना.

"त्या हिच्या अंगातच आहेत. पहिल्या वेळी शरीराला शिकायला वेळ लागतो. पण शिकलेल्या काही पेशी मागं राहतात, वर्षानुवर्षं. पुन्हा लस दिली की त्या ओळखतात आणि थोड्याच दिवसांत पहिल्यापेक्षा मोठी फौज उभी करतात. घरात पहिल्या पोरीचं लग्न असलं की किती धांदल होते? दुसरीच्या वेळी आचारी कोण, मांडव कुठला, सगळं पाठ असतं ना?"

काकांनी तीन पोरी उजवल्या होत्या. "मंग हरकत नाई," ते म्हणाले, आणि मी दवाखान्यातच त्यांच्या गळ्यात पडले.

दुसरी सुई हळदीच्या सकाळी पुलगावला घेतली. दंड लाल होऊन ठणकत होता. मी तो कुरवाळत आतल्या जुन्या पेशींना शाब्बास म्हणत होते, आणि एकटीच खुळ्यासारखी हसत होते. बाबांची सायकल, त्या साऱ्या खेपा, सगळं त्या दंडात होतं.

हळद लागेपर्यंत नवरीनं काही खायचं नाही, असं आईनंच बजावलं होतं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरल्यावर ती थांबली. समोरच्या गाडीवर तेल तापलं होतं.

"काय खाशीन?" तिनं विचारलं.

बाबा गेल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी रडत रडत आलूबोंडा मागितला. आईनं दोन सांगितले.