आडव्या बाटलीवरचे थेंब

आमच्या पेंटरचाचांनी रंगवलेली बाटली पाहून घशाला कोरड पडली नाही, असा माणूस धाड गावाच्या आसपास अजून जन्माला यायचा आहे. मी आयुष्यात चहापलीकडे गेलो नाही, तरी त्यांच्या भिंतीवरून जाताना ओठांवरून जीभ फिरवलेली मला आठवते. चाचा स्वतः मात्र दारू राहू द्या, सोडासुद्धा पीत नसत. "ढेकर येतात," म्हणायचे.

माणसांपेक्षा त्यांचा भिंतींशी घरोबा जास्त. माझ्या वास्तुशांतीला आले, ताट हातात घेऊन घरामागे गेले आणि तिथूनच ओरडले, "गुरुजी, ही भिंत रस्त्याकून काऊन नाही बांधली? वाया गेली ना!" आमची बायको आठवडाभर धुसफुसत होती. त्या दिवसांत गावोगाव बीटी कपाशीच्या बियाण्याच्या जाहिराती दिसायच्या, त्या त्यांच्याच हातच्या. दारूच्या जाहिरातीला बंदी म्हणून 'सोडा' लिहून जी बाटली रंगवली जायची, तीही त्यांचीच. मजकूर मी लिहून द्यायचो, तेव्हा पापात माझाही वाटा आहे.

चित्र होत आलं की ते मला भर उन्हात रस्त्यापलीकडे उभं करायचे. "गार लागून राह्यलं का?" मी हो म्हणेपर्यंत बाटलीवर थेंब चढत राहायचे. त्यांचं एक शास्त्रच होतं. बाटली नजरेच्या किंचित वर हवी, मागे मावळतीचा पिवळा हवा, आणि पिणारा एकटा कधीच काढायचा नाही, हसणारे दोन-तीन दोस्त हवेत. "बाटली कोण पाहते गुरुजी? दिवसभर अळीनं खाल्लेली बोंडं पाहून आलेल्या माणसाले वाटते, कोणी तरी हसून 'ये' म्हणावं. आपण ते 'ये' रंगवतो." बियाण्याच्या पाकिटाशेजारचा शेतकरी आणि सोड्याशेजारचा दोस्त, दोघांचा चेहरा एकच असायचा. तो चाचांच्या शेजाऱ्याचा, लहानपणापासूनच्या जिवलग मित्राचा होता.

पुढे बोंडअळीनं त्या मित्राचाही कापूस खाल्ला आणि तो खरोखरीच गावातल्या दारूच्या दुकानात जाऊन बसू लागला. त्याची बायको भागाबाई हिंमतीची. तिनं सह्या गोळा केल्या आणि दुकान बंद करण्यासाठी गावात बायकांचं मतदान लागलं. चिठ्ठीवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. भागाबाई चाचांकडे आली. "भाऊ, चौकात मोठी आडवी बाटली काढून द्या. बायांच्या ध्यानात राह्यली पायजे." चाचांनी तीन दिवस जीव ओतला.

बाटली आडवी होती, यात वाद नाही. पण तिच्यावर थेंब होते, मागे पिवळी संध्याकाळ होती. पुरुष थांबायचे, "वा!" म्हणायचे आणि दुकानाकडे वळायचे. चौथ्या दिवशी भागाबाई डोळ्यांत पाणी घेऊन उभी राहिली. "भाऊ, आमचे हे तुमच्या भिंतीसमोर घडीभर थांबले अन् तसेच तिकडं गेले. हे काय करून ठेवलं तुम्ही?"

चाचांना इतकं खजील मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी चुना मारला, पुन्हा बाटली काढली, आणि हात पुन्हा थेंबांकडेच गेला. कुरूप काढणं त्यांना येतच नव्हतं, आणि मला हसावं की रडावं कळेना. शेवटी त्यांनी ब्रश भागाबाईच्या हातात दिला. "तुम्हीच काढा भाभी. तुम्हाले दिसते तशी." जन्मात ब्रश न धरलेल्या त्या बाईनं एक काळी, वाकडी, फुगलेली बाटली काढली. चाचांनी त्यातली एक रेघही सुधारली नाही.

मतदानाच्या दिवशी ते सकाळपासून शाळेबाहेर बसून होते. संध्याकाळी निकाल लागला, आडवी जिंकली. गुलालानं माखलेली भागाबाई धावत आली, तर चाचांनी निकालाचं काही विचारलंच नाही.

"तो कुठी हाय?"

"घरी. जेवून राह्यले. उद्याचं कोणाले ठाव, भाऊ, पण आज जेवून राह्यले."

ती गेल्यावर चाचा उठले. मग म्हणाले, "चला गुरुजी, त्याच्या घरावरून जाऊ. आत नको. बाहेरूनच पाहू."

दार उघडं होतं. तो आमच्याकडे पाठ करून खरंच जेवत होता. त्याचं जेवण होईपर्यंत चाचा रस्त्यातच उभे राहिले.